साडूच्या गावी कोल्डप्ले

गाणं ऐकायला परगावी जाणं मराठी माणसाला नवं नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून डिसेंबर उजाडला की मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडच्या माणसांना पुण्यातले नातेवाईक एकाएकी आठवू लागतात. एरवी लग्नालाही न येणारा आतेभाऊ फोन करून जास्तीची गादी आहे का ते विचारतो. सकाळी तुळशीबाग, दुपारी पर्वती, आणि मग मांडवात शाल पांघरून मान डोलवणं. ती मान सुरांनी डोलते की पर्वतीच्या पायऱ्यांनी, हे शेजारच्याने विचारायचं नसतं. म्हणजे गाण्याला स्थलदर्शन जोडायची युक्ती आपल्याकडे जुनीच. आता तिला व्हिसा लागतो, एवढंच.

परदेशांनी मात्र तिचा रीतसर धंदा केला. २०२४ च्या मार्चमध्ये टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम सिंगापूरने असे पटकावले की आग्नेय आशियात दुसऱ्या कुठल्याही देशात ती फिरकलीच नाही. त्यासाठी तिथल्या सरकारने अनुदान दिलं होतं, आणि शेजारच्या देशांनी त्यावरून नाकं मुरडली. साहजिकच आहे. गाणारी एकटी, पण तिच्यामागे आलेली हजारो पोरं हॉटेलात उतरणार, टॅक्सीने फिरणार, रात्री अडीचला भूक लागली म्हणून काहीबाही मागवणार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएन्नातले तिचे तिन्ही कार्यक्रम घातपाताचा कट उघडकीला आल्यामुळे ऐनवेळी रद्द झाले. जमलेल्या पोरींनी गल्लीत उभं राहून तिची गाणी म्हटली, एकमेकींना मण्यांची कडी वाटली आणि त्या शहर बघायला निघाल्या. आमच्या साडूंना हे उदाहरण फार आवडतं. "गाणं बुडालं तरी गाव कुठे बुडतं?" असं ते म्हणतात.

साडू अबुधाबीला असतात. तिथे ते हिशेब तपासायच्या नोकरीत आहेत, आणि उरलेल्या वेळात आमच्या घरातल्या सगळ्या प्रश्नांवर तिथून सल्ला देतात: फ्लॅट विकावा का, मुलीने कुठली शाखा घ्यावी, आईच्या गुडघ्याला कुठलं तेल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की त्यांच्याकडे उंट खरेच आहेत.

आणि आम्ही राहतो नेरूळला. आमच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. मॅच असली की षटकार बसल्याचा गलका आधी गच्चीवर ऐकू येतो आणि मग मोबाइलवर तो चेंडू पडतो. कोल्डप्ले हा लंडनचा बँड जानेवारी २०२५ मध्ये याच स्टेडियमवर येणार असं जाहीर झालं, तेव्हा आमच्या लेकीने आनंदाने जी किंकाळी फोडली, ती स्टेडियमपर्यंत पोचली असावी.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधीपासून घरात प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र. लेक लॅपटॉपवर, बायको मोबाइलवर, मी ऑफिसच्या लॅपटॉपवर, आणि आईपुढे टॅब ठेवून तिला बजावलेलं की याला हात लावायचा नाही, फक्त आकडा बघत राहायचा. माझ्यापुढे रांगेत सात-आठ लाख माणसं होती. सगळ्या रांगेत मिळून कोटीच्या वर होती, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. दोनाचे तीन कार्यक्रम झाले, ते तिन्ही संपले, आणि आईने टॅबवरून मान वर करून विचारलं, "आपला नंबर आला की सांगतील ना?" संध्याकाळपर्यंत तीच तिकिटं पुनर्विक्रीवाल्यांकडे लाखांच्या भावात दिसू लागली. ज्या मैदानावर आम्ही चप्पल घालून चालत जाऊ शकतो, तिथे जायचे लाख रुपये!

थोड्याच दिवसांत साडूंचा फोन आला. अबुधाबीतही कोल्डप्ले येणार होतं, मुंबईच्या आदल्या आठवड्यात. तारखा वाढत वाढत चार झाल्या होत्या: ९, ११, १२ आणि १४ जानेवारी. "शनिवार ११ तारखेची काढून ठेवली आहेत," ते म्हणाले, "पैसे नंतर द्या." साडू 'पैसे नंतर द्या' म्हणतात तेव्हा हिशेब आधीच तयार असतो.

आईने सगळं ऐकून घेतलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "वळसा तरी किती मोठा, समुद्र ओलांडून."

पण साडूंचं गणित निराळं. ते म्हणाले, एकूण खर्चाला प्रेक्षणीय स्थळांच्या संख्येने भागायचं. नुसतं गाणं ऐकून परत गेलात तर ते महाग. मशीद पाहिली की निम्म्यावर आलं. लूव्र पाहिलं की एक तृतीयांश. देऊळ पाहिलं की चौथाई. राहायला आमचं घर आहेच, जेवण तुमच्या मेहुणीच्या हातचं. या पद्धतीने कार्यक्रमाचं तिकीट उतरत उतरत अशा पातळीला आलं की न जाणं हाच उधळेपणा वाटू लागला. बायकोने तेवढ्यात "जातोच आहोत तर" अशी सुरुवात करून आणखी दोन ठिकाणं वाढवली, आणि भाव आणखी पडला.

प्रश्न उरला लोकांना काय सांगायचं. आपल्याकडे नुसत्या मजेसाठी कुणी परदेशी जात नाही, निदान तसं सांगत तरी नाही. ऑफिसात मी रजेच्या अर्जावर 'कौटुंबिक कारण' लिहिलं. बायकोने तिच्या शाळेत बहिणीला भेटायला जाते असं सांगितलं. सोसायटीत अबुधाबीच्या नव्या देवळाचं नाव पुढे केलं, कारण देवळाला जाणाऱ्या माणसाला खर्च विचारत नाहीत. खरं कारण एकट्या लेकीने सांगितलं, आणि तेही इन्स्टाग्रामवर, सगळ्या जगाला, स्टोरी लावून.

जाण्याची तारीख नेमकी संक्रांतीच्या तोंडावर. बहिणीकडे संक्रांतीला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून आईने गुळपोळ्यांचा घाट घातला. तिळाचा कूट झाला, गूळ किसला, बेसन भाजलं, आणि आई खसखशीची बरणी उघडणार इतक्यात साडूंचा फोन. "खसखस अजिबात नको," ते म्हणाले. "इथे बंदी आहे. अफूच्या बोंडातली, म्हणून. बॅगेत दाणा सापडला तरी पंचाईत."

आईचा विश्वास बसेना. तिने फोन स्वतःकडे घेतला. "अहो, गुळपोळीत असते ती खसखस. अनारशाला लावतात ती."

"तीच, आई. तीच चालत नाही."

"म्हणजे त्या देशात अनारसे करतच नाहीत?"

साडूंकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आईने बरणी पुन्हा फडताळात ठेवली, पण चेहऱ्यावर असा भाव की पोळ्या आता माझ्या जबाबदारीवर नाहीत. सारण मळताना ती दर दोन मिनिटांनी 'खमंगपणा येत नाहीये' म्हणत होती. डबा भरून झाल्यावर खबरदारी म्हणून तिने त्यावर कागद चिकटवला आणि मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं: 'खसखस नाही'. लेकीने शंका काढली की तिथल्या कस्टमवाल्याला मराठीतली एक-दोनच अक्षरं येत असली तर? तो 'खसखस' वाचेल आणि 'नाही'पाशी अडेल. मग कागद काढला. मग वाटलं, कागद काढल्याची खूण संशयास्पद दिसते. शेवटी डबाच बदलला.

नवी मुंबईचं विमानतळ तेव्हा सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळे नेरूळहून सहारला जाणं हा प्रवासाचा पहिला टप्पा. शुक्रवारी संध्याकाळी वाशीच्या पुलावर आणि पुढे आम्हाला जो वेळ लागला, तेवढ्यात मन लावलं असतं तर विमान मस्कतपर्यंत गेलं असतं. गेटवर पोचलो तर निम्मी रांग रंगीबेरंगी टी-शर्टमधली, त्यावर ग्रहगोल आणि बँडचं नाव. ठाण्याची मुलं होती, पुण्याची होती, एक आख्खं कुटुंब बेळगावहून आलेलं. सगळ्यांची कहाणी एकच: रांगेत लाखो माणसं, मग अबुधाबी. आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा कुणी ना कुणी साडू, चुलतभाऊ किंवा कॉलेजचा मित्र तिकडे होताच.

अबुधाबीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरल्याबरोबर साडूंनी हे दीड तास जमेच्या बाजूला लिहिले. परतीला ते खर्ची पडणार, हे मी बोललो नाही. पाहुण्याने पहिल्याच रात्री ताळेबंदात चूक काढू नये. शनिवार-रविवारची सुट्टीही तिथे तशी अलीकडची. २०२२ पर्यंत शुक्रवार-शनिवार असायची. मग जगाच्या बाजारांशी मेळ बसावा म्हणून त्यांनी ती सरकवली. साडू म्हणतात, सुट्टी एवढी सहज सरकवणारं सरकार आपल्याकडे असतं तर आपण तिला दोन्ही बाजूंनी चिकटून राहिलो असतो.

शनिवारी सकाळी शेख झायेद मशीद. ही २००७ साली खुली झाली. ८२ घुमट, हजारावर खांब, आणि सगळं इतकं पांढरं की डोळ्यांवर हात धरावा लागतो. प्रवेश फुकट, पण आधी नाव नोंदवायचं, आणि आत जायची वाट जमिनीखालच्या एका बाजारातून जाते. तिथे कॉफी, खजूर, अत्तरं, पर्सेस. बायको आणि मेहुणी त्या वाटेवर अर्धा तास होत्या. देवाच्या दारी जाताना दुकानांची रांग लागतेच, त्याला धर्माचं बंधन नाही. पुढे बायकांनी डोकं झाकायचं, अंगभर कपडे हवेत. लेकीने काळा अबाया चढवला आणि त्याखाली कार्यक्रमाचा टी-शर्ट होता म्हणून तिला उगाच पकडलं गेल्यासारखं वाटत राहिलं.

आतला गालिचा साडेपाच हजार चौरस मीटरच्या वर आहे. इराणमधल्या सुमारे १२०० विणकरांनी तो हाताने विणला, तुकड्यांनी आणला आणि इथे जोडला. हे सगळं साडू सांगत असताना बायकोने वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि जो प्रश्न विचारला तो कुठल्याही माहितीपत्रकात नाही: "याखालचा केर कसा काढतात?" मेहुणी म्हणाली, "ताई, मी इतकी वर्षं इथे राहते, मला हे कधी सुचलं नाही." मग दोघींनी मान वर करून झुंबर पाहिलं. ते बारा टनांचं. तिथेही चर्चा स्फटिक पुसणाऱ्याच्या शिडीवर गेली. पण बायकोलाच आणखी एक गोष्ट दिसली. गालिच्यात काही ठिकाणी लोकर किंचित उंच ठेवून आडव्या रेषा काढल्यात. लांबून कळत नाहीत. नमाजाला उभं राहणाऱ्यांची रांग सरळ लागावी म्हणून त्या आहेत. ती रेषा ती बराच वेळ पाहत राहिली. "आपल्या तिकिटाच्या वेळी अशी एक आखली असती तर," ती म्हणाली.

तिथून लूव्र. पॅरिसच्या त्या लूव्रने आपलं नाव उसनं दिलेलं हे संग्रहालय २०१७ मध्ये उघडलं. झाँ नूव्हेल या फ्रेंच वास्तुकाराने त्यावर १८० मीटर व्यासाचा घुमट ठेवलाय आणि त्यात हजारो धातूच्या चांदण्या एकावर एक अशा गुंफल्यात की ऊन गाळून खाली येतं आणि पांढऱ्या भिंतींवर ठिपके हलत राहतात. मी त्या ठिपक्यांत एका बाकावर बसलो आणि उठायला तयार नव्हतो. पण साडूंच्या हिशेबात बसून राहणं धरलेलं नव्हतं. "आत अख्ख्या जगाची संस्कृती आहे," ते म्हणाले, "दीड तासात उरकू." इजिप्तच्या शवपेट्या आम्ही झपाझप पार केल्या. तामिळनाडूच्या नटराजापाशी बायको थांबली आणि चपला काढू लागली, तेव्हा रखवालदाराची गडबड उडाली.

मग एमिरेट्स पॅलेस या हॉटेलात सोन्याचा वर्ख घातलेली कॉफी. लेकीला फोटो हवा होता, साडूंना यादीत आणखी एक स्थळ हवं होतं. कप आला. फेसावर खरोखरच सोन्याचे कण चमकत होते. बायकोने चमच्याने ते बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. "सोनं, आणि पिऊन टाकायचं?" मी ते प्यायलो. चव कॉफीची होती.

संध्याकाळी स्टेडियम. झायेद स्पोर्ट्स सिटी त्या मशिदीच्या जवळच आहे, म्हणजे सकाळी जिथे चपला काढल्या होत्या त्याच भागात आता बूट घालून उड्या मारायच्या होत्या. मेहुणीने निघताना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. मराठी घरातून निघालेलं माणूस कुठेही जावो, डबा बरोबर जातो. पण गेटवर बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून तो गाडीच्या डिकीत राहिला आणि पुढचे चार तास मला त्याची आठवण येत राहिली.

आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एक पांढरा मनगटपट्टा देतात. वनस्पतीपासून केलेला, कुजून जाणारा. त्यात दिवे आहेत, पण बटण नाही. तो कधी पेटायचा, कुठल्या रंगाने पेटायचा, हे मंचाकडून ठरतं. साडूंनी तो पालथा-उलथा करून पाहिला आणि पेटवता येत नाही म्हटल्यावर त्यांचा त्याच्यातला रस गेला. या दौऱ्यात मैदानात सायकली आणि दाबली की वीज देणारी जमीनही असते. प्रेक्षकांनी पायडल मारायचं, उड्या मारायच्या, आणि त्यातून थोडी वीज साठते. लेकीने जाऊन दहा मिनिटं सायकल मारली. घरी तिला गिरणीतून दळण आणायला सांगा, पाय दुखतात.

आसपास कान दिला तर हिंदी, मल्याळी, अरबी, गुजराती, आणि दर चार-पाच रांगांमागे मराठी. मागे एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, जॅकेट घाला, नंतर शिंका देत बसाल." मी पाण्याच्या रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थाने मागे वळून पाहिलं आणि आम्ही दोघेही दचकलो. आमच्याच सोसायटीतले, बी विंगमधले. शुक्रवारीच लिफ्टमध्ये त्यांनी मला सांगितलं होतं की सहकुटुंब गाणगापूरला निघालोय. मी त्यांना देवळाचं सांगितलं होतं.

"दर्शन झालं?" मी विचारलं.

"उद्या," ते म्हणाले. "तुमचं?"

"आमचंही उद्याच."

पुढे काही बोलणं झालं नाही. त्यांनी माझ्या बाटलीचेही पैसे दिले. त्या पैशात काय काय आलं ते दोघांनाही कळलं.

दिवे मालवले आणि हजारो मनगटं एकदम लाल झाली. माझंही झालं. शेजारच्या मलबारी आजोबांचंही झालं, आणि ते त्या हाताकडे असे पाहत होते की हा आपलाच का. मग बँडचा गायक क्रिस मार्टिन धावत आला. या माणसाचा जन्म मार्च १९७७ चा. मी पण १९७७ चाच, त्यामुळे मी त्याच्याकडे संगीताच्या नव्हे, आरोग्याच्या दृष्टीने पाहत होतो. तो लांबलचक मंचाच्या टोकापर्यंत पळत जातो, गुडघ्यांवर बसतो, उठतो, गोल फिरतो, आणि तेवढ्यात गातो. मी तीन जिने चढून पायऱ्यांवरच्या जागेपर्यंत आलो त्याला अर्धा तास झाला होता आणि माझा श्वास अजून खाली यायचा होता.

'यलो' लागलं आणि सगळं मैदान पिवळं झालं. हे गाणं २००० सालचं. तेव्हा मी नोकरी शोधत होतो आणि भाड्याच्या खोलीतला माझा सोबती ते रात्री लावायचा. मला एकाही ओळीचा अर्थ लागत नसे. आता लेक शेजारी उभी राहून ते पाठ म्हणत होती, आणि बायकोने काहीही न कळता हात वर धरला होता, कारण सगळ्यांचे वर होते. मीही धरला. हळदीच्या रंगात एवढी माणसं मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. २०१५ साली भारतात चित्रित झालेलं त्यांचं ते वीकेंडचं गाणं आलं, तेव्हा आपल्या लोकांनी जो जल्लोष केला त्यावरून वाटावं की वरळी कोळीवाड्याचा सातबारा त्यांच्या नावावर आहे.

साडूंनी मध्येच आईला व्हिडिओ कॉल लावला. नेरूळला रात्रीचे साडेअकरा वाजलेले. चित्र अडकत होतं, पण आईला दिसत होतं. नेमकं त्याच वेळी 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' सुरू झालं. ते तो मध्येच थांबवतो आणि प्रेक्षकांना सांगतो की एवढं एक गाणं फोन खिशात ठेवून ऐका. सगळ्यांनी फोन खाली केले. साडूंनी नाइलाजाने फोन खिशात टाकला, पण कॉल बंद करायचं त्यांना सुचलं नाही. दोन मिनिटांनी खिशातून आईचा आवाज आला: "मला कुठे ठेवलंत? काळोख झालाय."

याच दौऱ्यात आणखी एक प्रकार असतो. कॅमेरा गर्दीतल्या कुणावर तरी थांबतो, तो माणूस प्रचंड पडद्यावर दिसतो, आणि क्रिस मार्टिन त्याच्यावर तिथल्या तिथे गाणं रचतो. लोक त्यासाठी पाट्या घेऊन येतात. आमचे बी विंगवाले मात्र उजवीकडच्या भागात टोपी नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून बसले होते. कॅमेरा त्या बाजूला वळला की ते बुटाची नाडी बांधायचे. पुढे त्या जुलैत अमेरिकेत याच कार्यक्रमात, याच पडद्याने एका जोडीची जी शोभा केली ती सगळ्या जगाने पाहिली. लोक चकित झाले. मला आठवले ते गृहस्थ. त्यांना हा धोका सहा महिने आधीच उमगला होता, आणि त्यांच्या शेजारी तर त्यांची लग्नाची बायकोच होती.

कार्यक्रम संपल्यावर मनगटपट्टे परत करायचे असतात. कुठल्या शहराने किती टक्के परत केले, हे पडद्यावर दाखवतात. आता ही खरी परीक्षा. बाहेर जाताना पेट्या ठेवलेल्या, कुणी मागत नाही, कुणी तपासत नाही. बायकोने आपला पट्टा केव्हाच पर्समध्ये टाकला होता. "आठवण म्हणून," ती म्हणाली. "शिवाय परडीत छान दिसेल, हळदीकुंकवाला." लेक तिथेच उभी राहिली. "आई, अबुधाबीचे टक्के कमी होतील." "झाले तर होऊ देत, आपण कुठे अबुधाबीचे?" यावर लेकीने जो चेहरा केला तो पाहून पट्टा पर्समधून बाहेर आला. साडूंनी आपला पट्टा पेटीत टाकताना पेटीतल्या पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, अंदाजे ऐंशीच्या वर जाईल.

रात्री बाहेर बोचरं वारं. वाळवंटातली जानेवारी मुंबईकराला काश्मीर वाटते. पार्किंगमध्ये डिकी उघडून आम्ही धपाटे काढले, आणि पाच मिनिटांत दोन गाड्यांपलीकडून कोथरूडची दोन मुलं आली: "काका, चटणी आहे का?" चटणी होती. मग लेकीच्या वयाची आणखी दोघं आली. मेहुणी धपाटे पुरवत होती आणि प्रत्येकाला गाव विचारत होती. त्या रात्री परदेशात सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा दुसरा कार्यक्रम तोच असावा.

रविवारी सकाळी खरोखरच देवळात गेलो, कारण सांगितलं होतं. बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेच्या या मंदिराचं उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ ला झालं. राजस्थानचा गुलाबी दगड, तो तिकडेच कोरला, आणि तुकडे समुद्रातून आणून इथे रचले. सात शिखरं, सात अमिरातींची. कोरीवकामात रामायणाबरोबर उंटही आहेत. सगळं सुरेख होतं, पण सगळ्यांना झोप येत होती. प्रदक्षिणेच्या वळणावर बी विंगवाले सहकुटुंब भेटले. ते शिखर टाळून, फक्त दगडी खांब दिसेल असा फोटो काढत होते.

"गाणगापूरचा खपेल का?" त्यांनी विचारलं.

"उंट तेवढा कापा," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर साडूंनी गाडीतच शेवटची बेरीज मांडली. मशीद, लूव्र, राजवाडा, देऊळ, खाडीकाठचा फेरफटका, मेहुणीचं जेवण, चटणीच्या ओळखी, असं सगळं वजा जाता कोल्डप्ले आम्हाला जवळजवळ फुकट पडलं होतं. मग त्यांनी तिकिटांचे पैसे मागितले. पूर्ण.

त्यानंतरच्या शनिवारी, १८ तारखेला, कोल्डप्ले नेरूळला आलं. दुपारपासून रस्ते बंद, गल्लीत पोलीस, रिक्षा गायब. संध्याकाळी अख्खी सोसायटी खुर्च्या घेऊन गच्चीवर. गाणं सरळ ऐकू येत नव्हतं, पण ढोलाचा ठोका पाण्याच्या टाकीपर्यंत पोचत होता आणि आकाशात रंग उडत होते. कुणी भजी तळून आणली होती. आम्ही कुठे जाऊन आलो हे लेकीच्या स्टोरीमुळे सगळ्यांना कळलेलंच होतं. देवळाचा प्रसाद मात्र सगळ्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की क्रिस मार्टिन काल मराठीत बोलला. मंचावरून, चार वाक्यं, आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं.

आईने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली. पुन्हा एकदा वाचली. "तुमच्याशी तिकडे काय बोलला?" तिने विचारलं.

२१ तारखेचा कार्यक्रम उरला होता. सोमवारी लिफ्टशेजारी सेक्रेटरींची सूचना लागली: गच्चीवर होणारी गर्दी लक्षात घेता प्रत्येक फ्लॅटला दोनच जागा; भाडेकरूंनी मालकाचं पत्र आणावं; नावनोंदणी वॉचमनकडे, संध्याकाळी सहापासून, येईल त्याला प्राधान्य. मी साडेसहाला खाली उतरलो तर रांग वळसा घालून जनरेटरपर्यंत गेलेली, आणि तिच्यात बी विंगवाले सगळ्यात पुढे, टोपी न घालता. आमच्या फ्लॅटच्या दोन्ही जागा आधीच गेल्या होत्या. आईने सहाच्या ठोक्याला खाली येऊन स्वतःचं नाव घातलं होतं, आणि दुसरं, तिच्या भजनी मंडळातल्या पाचव्या मजल्यावरच्या आजींचं.